दहा आठवड्यांचे सर

मी लिहिणारी नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात आजवर झालेलं सगळ्यात लांब लिखाण म्हणजे बाबांनी तलाठ्याला दिलेला अर्ज, आणि तोही ग्रामपंचायतीच्या शिपायाने लिहून दिला होता. बाबांनी खाली फक्त सही केली. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे गावात लोक औषधाच्या बाटल्या माझ्याकडे वाचायला आणतात, आणि ते मला जमतं. पण एका जिवंत माणसाबद्दल लिहायचं म्हणजे आगाऊपणा वाटतो. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते चष्मा पुसून प्रत्येक ओळ वाचतात आणि चूक दिसली की लाल पेनाने गोल करतात. हे त्यांच्या हाती पडलं तर त्यांनी खुशाल गोल करावेत. मला सवय आहे.

कॉलेजसाठी खोली शोधायला बाबा मला घेऊन लातूरला आले होते. आमचं गाव उमरी तालुक्यात. नांदेड आम्हाला जवळ, पण लातुरात शिकलं की पोरं हुशार होतात असं आमच्याकडे ठाम मत आहे. एकाने पत्ता सांगितला. रिटायर झालेले सर आहेत, त्यांच्या मिसेस आहेत, मुलींनाच खोल्या देतात, घर चांगलं आहे, फक्त सर जरा... असं म्हणून त्याने हात हवेत गोल फिरवला. बाबांना वाटलं, सर तापट असतील. तापट माणूस बाबांना चालतो.

दारात सर उभे होते. पांढरा लेंगा, इस्त्रीचा शर्ट, खिशात लाल, निळं, हिरवं अशी तीन पेनं. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, मार्क विचारले नाहीत. म्हणाले, "बाळ, तुला एखादी गोष्ट लवकर संपलेली आवडते की सावकाश चाललेली?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहिलं. मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, सर."

"तळमजला!" सर आतल्या दिशेने ओरडले. आतून काकू म्हणाल्या, "गेली बिचारी."

बाबांनी तिथेच, चप्पल पायात असतानाच, अट सांगितली. "सर, मी एक वरीस बघणार. एक जरी विषय राह्यला तर पोरगी वापस. तिच्या मामानं हदगावकडलं स्थळ धरून ठेवलंय."

"किती आठवडे धरून ठेवतील?" सरांनी विचारलं.

बाबा गोंधळले. "वरीसभर तर थांबत्याल की."

"बावन्न," असं म्हणून सरांनी हिरव्या पेनाने वहीत लिहून घेतलं.

सर सगळं आठवड्यांतच मोजायचे. वय विचारलं तर म्हणायचे, "तीन हजार चारशे, थोडे इकडेतिकडे." वरच्या खोलीत देगलूरची सुरेखा राहायची. तिने एकदा धीर करून विचारलं, "सर, लग्नाला किती वर्षं झाली?" सर म्हणाले, "दोन हजार आठवडे." स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "आठवडे? मला तर दोन हजार वर्षं झाल्यावानी वाटायलंय."

सरांनी जन्मभर ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवला आणि जन्मभर सगळ्या कॉलेजचं वेळापत्रक एकट्याने बनवलं. रिटायर झाल्यावर त्यांच्याकडे वेळ उरला, पण पत्रक उरलं नाही. अशात त्यांचा भाचा शिकायला अमेरिकेला गेला. त्याने फोनवर सांगितलं, "मामा, आमच्याकडे दहा आठवड्यांत विषय खलास. वर्षाचे चार तुकडे. माझा मित्र शेजारच्या विद्यापीठात आहे, त्यांच्याकडे मात्र आपल्यासारखं सेमिस्टर, पंधरा-सोळा आठवडे एकच विषय." काकू सांगायच्या, त्या दिवशी सरांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"एकाच देशात दोन्ही पद्धती! आणि बरी कोणती हे कुणी शोधलेलं नाही!"

"आवो, शोधलं असंल की कुणीतरी," काकू म्हणाल्या.

"लातुरात शोधलेलं नाही."

अशा रीतीने ते घर प्रयोगशाळा झालं. वरच्या खोलीतल्या दोन मुली सहामाही, खालच्या खोलीतल्या दोन तिमाही. 'क्वार्टर' हा मूळ शब्द सरांनी लवकरच सोडून दिला, कारण कोपऱ्यावरच्या दुकानात तो चारचौघांत उच्चारल्यावर लोक त्यांच्याकडे नव्या आदराने बघायला लागले होते. आम्ही चौघीही बी.एस्सी. पहिल्या वर्षाला, चौघींना तेच सहा विषय. वरच्यांनी सहाही विषय सहामाहीभर सोबत वाचायचे. खालच्यांनी पहिल्या दहा आठवड्यांत फक्त तीन विषयांचा फडशा पाडायचा, अकराव्या आठवड्यात सरांची परीक्षा, बाराव्यात सुट्टी, मग उरलेले तीन. शेवटी विद्यापीठाची परीक्षा सांगेल की कोणता मजला जिंकला. खाली माझ्यासोबत चाकूरची एक मुलगी होती. तिला सगळे 'चाकूरची'च म्हणायचे, कारण दर शनिवारी ती चाकूरला पळायची.

प्रयोग शुद्ध असावा म्हणून सरांनी तो जेवणापर्यंत नेला. आमचे डबे काकू करायच्या. तिमाहीत विषय तीन, म्हणून तळमजल्याला भाज्याही तीनच, असा आदेश निघाला: वांगं, बटाटा, मेथी. वरच्यांना सहा. पाचव्या आठवड्यापर्यंत मला स्वप्नातही वांगं देठासकट दिसायला लागलं. मग जिन्यावर चोरटा व्यापार सुरू झाला. मी सुरेखाला दोन बटाट्याच्या फोडी द्यायची आणि ती मला एक भेंडी.

"अय्यो, एकच?" असं मी तिच्याच भाषेत म्हणायची.

"आमची सहा महिन्यांची भेंडी आहे बाई, पुरवून खायचीय."

शेवटी काकूंनीच झारा आपटला. "एका कढईत दोन विद्यापीठं चालवू का मी? उद्यापासून सगळ्यांना पिठलं!" सरांनी वहीत नोंद केली: 'आठवडा ६. प्रशासकीय अडचणी.'

घराच्या ओट्यावर रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, शाळेत घंटेला असतो तसा. दर सोमवारी सकाळी सर त्यावर नव्या आठवड्याचा आकडा वाजवायचे, पहिल्या आठवड्याला एक ठोका, नवव्याला नऊ. आता लातुरात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, कधी येईल त्याची कोणाला खात्री नसते. त्यामुळे ठोका पडला की गल्लीतल्या बायका घागरी, बादल्या, पाइप घेऊन धावत बाहेर यायच्या आणि नळाला हात लावून बघायच्या. मग सरांच्या नावाने जे ऐकू यायचं ते मी इथे लिहीत नाही. विशेष म्हणजे त्या बायका पुढच्या सोमवारी पुन्हा धावत यायच्या. "एखांद्या दिशी खरंच आलं तर?" असं त्यांचं म्हणणं. काकू म्हणायच्या, "ह्यांचं क्यालेंडर ह्यांच्यापाशी. लातुरात खरं क्यालेंडर नळाचं."

सरांच्या कॅलेंडरची फजिती मी तिथे जाण्याच्या आधीच होऊन गेली होती, ती काकूंनी मेथी निवडताना सांगितली. बारा आठवड्यांची एक तिमाही, अशा चार, म्हणजे वर्ष अठ्ठेचाळीस आठवड्यांचं. उरलेल्या चार आठवड्यांचं काय, हे सरांच्या लक्षातच आलं नाही. पहिलं वर्ष जूनमध्ये सुरू झालं, दुसरं मे महिन्यात, आणि तिसऱ्या वर्षी सरांनी भर एप्रिलात पहिल्या आठवड्याचा ठोका दिला तेव्हा घरात एकही मुलगी नव्हती. सगळ्या परीक्षा देऊन गावाकडे गेल्या होत्या. सर रिकाम्या खोलीसमोर हजेरीपट घेऊन उभे. काकू म्हणाल्या, "आवो, रोज सकाळी पंचांग वाचताव, आन् धोंडाच इसरलाव?"

धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक मास, घालूनच आपले बारा महिने जाग्यावर राहतात, हे सर वर्गात शिकवायचे. त्यांनी ओट्यावर बसून बोटांवर महिने मोजले. मग उठून लाल पेनाने त्यांनी स्वतःच्याच कॅलेंडरला मोठा गोल केला. तेव्हापासून दर वर्षाच्या शेवटी, जूनच्या आसपास, 'धोंड्याचे चार आठवडे' आले. त्या आठवड्यांना नंबर नाही, ठोका नाही. भिंतीवरचं कॅलेंडर उलटं टांगायचं. परीक्षा, अभ्यास, मार्क, निकाल हे शब्द घरात उच्चारायचे नाहीत. आणि धोंड्यात जावयाला वाण देतात तसं घरात ज्या मुली असतील त्यांना पाटावर बसवून, कुंकू लावून अनारसे द्यायचे. "लेक न्हाई, जावई कुठून आणू?" काकू म्हणायच्या. "तुमीच माझे जावई. रुसा, मागा, पण लवकर खा, मला भांडी घासायचीत."

सहामाही की तिमाही यावर जिन्यात रोज वाद व्हायचा. सर खालच्या पायरीवर, सुरेखा वरच्या.

"तिमाहीत कंटाळवाणे सर मिळाले तर दहा आठवड्यांत सुटका," सर म्हणायचे. "आणि येत नसेल तर लवकर कळतं. सहामाहीत रोग कळतो तेव्हा रोगी गेलेला असतो."

"पण सर, दहा आठवड्यांत दोन आठवडे टायफॉइड झाला तर? आमच्याकडे आजारी पडायलाही जागा आहे."

"आजारी पडू नये."

"आणि आम्हाला मॅडमचा चेहरा ओळखीचा व्हायलाच आठ आठवडे लागतात."

"चेहऱ्याचे मार्क नसतात!"

मी मधल्या पायरीवर बसून दोघांचंही पटत असल्यासारखी मान हलवायची. मला खरंच दोघांचंही पटायचं. तो माझा दोष आहे.

पहिल्या दहा आठवड्यांत आम्हाला गणित, बॉटनी आणि केमिस्ट्री होतं. केमिस्ट्री मला आयुष्यात पहिल्यांदा समजली, कारण समोर आणखी पाच विषय वाकुल्या दाखवत उभे नव्हते. सरांच्या परीक्षेत मला त्यात शंभरात बासष्ट मिळाले. सर इतके खूश झाले की त्यांनी खास बनवून आणलेला रबरी शिक्का काढला आणि माझ्या तिन्ही वह्यांवर ठप्पकन मारला: 'विषय समाप्त'. मग वह्या-पुस्तकं जुन्या धोतराच्या फडक्यात बांधली, गाठ मारली आणि माळ्यावर टाकली.

"आता उघडायची नाहीत. संपलेला विषय उघडला तर नवीन विषयाचा अपमान होतो."

"हो सर," मी म्हणाले.

मी उघडली नाहीत. ऑक्टोबरात सोयाबीन काढायला दहा दिवस गावाकडे गेले, परत येऊन उरलेले तीन विषय घेतले, आणि माळ्याकडे नजरसुद्धा वर केली नाही. पाळायला सांगितलं म्हणजे पाळायचं, एवढंच मला माहीत होतं. डिसेंबरात विद्यापीठाची परीक्षा आली. केमिस्ट्रीचा पेपर समोर आला तेव्हा त्यातले शब्द ओळखीचे होते, पण लग्नात भेटलेल्या लांबच्या पाहुण्यांसारखे. चेहरा आठवतो, नातं आठवत नाही.

फेब्रुवारीत निकाल लागला. वरच्या दोघीही पास. चाकूरची पास. मी केमिस्ट्रीत नापास.

सर माझ्यापेक्षा जास्त गडबडले. "बासष्ट होते हिला!" ते घरभर फिरत म्हणत होते. "ही कशी राहिली आणि चाकूरची कशी निघाली?"

चाकूरची रडवेली झाली. "सर, खरं सांगू? तुम्ही दुपारी झोपलात की मी स्टूल घेऊन माळ्यावरचं गाठोडं काढायचे. वाचून परत तशीच गाठ मारायचे."

सरांनी आधी माळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "आणि तू?"

"तुम्ही नको म्हणाला होतात, सर."

काकूंनी कपाळावर हात मारला. "सगळ्या घरात एकच शहाणी पोरगी ह्यांचं ऐकणारी, तीच बुडाली."

बाबांना फोन केला. बाबा रागावले नाहीत. ते म्हणाले, "बरं. ये मग." मामाने पाहुण्यांना रविवारी पोरगी बघायला बोलावलंसुद्धा. मी ट्रंक भरायला घेतली. माझ्या आयुष्यातलं कॉलेज एका सहामाहीचं झालं, असं मी मनाशी म्हटलं, आणि सरांच्या वहीत त्याची नोंद कोणत्या रंगाने होईल असा वेडा विचार आला.

शनिवारी सकाळी बघते तर सर इस्त्रीचा शर्ट घालून, कागदाची लांब गुंडाळी काखेत घेऊन दारात तयार. "मी येतो सोबत. बावन्न आठवडे ठरले होते. अजून अठरा व्हायचेत."

बसमध्ये ती गुंडाळी त्यांनी मांडीवर लहान मुलासारखी धरली होती. कंडक्टरने विचारलं, "काका, फोटो कुण्या देवाचा?"

"कॅलेंडर आहे."

"मग देवाचाच असंल की."

नांदेडला बस बदलली, उमरीहून गावाकडे जीप धरली. बाबा आणि माय शेतात हरभरा उपटत होते. सरांनी बांधावरच चार्ट पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार ढेकळं ठेवली. बाबा उकिडवे बसले. माय लांबूनच डोक्यावरचा पदर पुढे ओढून हरभरा उपटत राहिली.

"पाटील, आधी एक सांगतो," सर म्हणाले. "हिला विषय येत होता. मी तो माळ्यावर टाकायला लावला. नापास मी झालो आहे. माझ्या चुकीसाठी हिला घरी बसवू नका." मग ते एकदम चार्टकडे वळले आणि शिकवायला लागले.

बाबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग एका पट्टीवर बोट ठेवलं. "ही हिरवी काय म्हणलाव?"

"तिमाही. दहा आठवड्यांत विषय संपला."

"म्हंजी सोयाबीन. शंभर दिसात घरात. आन् ही निळी?"

"सहामाही."

"ही तूर. सा म्हैने जागची हालत न्हाई." बाबांनी मान वर केली. "मग भांडण कशाचं हाय?"

"या दोन्हींत चांगली कोणती, याचं."

बाबा माझ्या शिक्षणाचा निकाल लावायला बसले होते, पण त्यांना हसू आलं. "आवो सर, दोनीबी एकाच वावरात पेरत्यात! चार ओळी सोयाबीन, एक ओळ तूर. सोयाबीन निघालं की तुरीला मोकळं व्हतंय, मंग ती फुगती. हे येगळं पेरा, ते येगळं पेरा, आन् मधी बसून बघा. खामखा लेकरांना कशाला ताप?"

सरांनी चार्टवरच्या हिरव्या पट्टीशेजारी निळी रेघ ओढली. मग त्यांनी अगदी विद्यार्थ्यासारखं विचारलं, "यंदा तूर कशी झाली तुमची?"

"यंदा वाळली. उभ्या उभ्या मेली."

"मग?"

"मग काय? फुडल्या साली परत पेरायची. तूर गेली म्हणून कुणी वावर पडीक टाकतंय व्हय?"

एवढं बोलून बाबा थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हरभऱ्यातून, मान वर न करता, माय म्हणाली, "ऐकलं का, आत्ता काय म्हणलाव ते?"

बाबांनी कान खाजवला. पायाजवळचं ढेकूळ उचलून फोडलं, त्यामुळे चार्टचा एक कोपरा फडफडायला लागला. "तुझ्या भावाला सांग," ते मायला म्हणाले, "रविवारी नको म्हणावं." आणि मला म्हणाले, "एक हंगाम. तेवढाच."

परतीच्या बसमध्ये सरांनी नांदेडपर्यंत चार्ट तीनदा उलगडून पुन्हा गुंडाळला. मग म्हणाले, "आंतरपीक. भूगोलाच्या पुस्तकात धडा होता. दर वर्षी वेळ पुरायचा नाही, म्हणून मी 'हा धडा स्वतः वाचा' असं सांगत आलो."

"मग वाचायचा होता ना, सर," मी म्हणाले, आणि माझ्याच जिभेची मला भीती वाटली. पण सर इतके हसले की पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं.

त्यानंतर घरात वरचा मजला, खालचा मजला हा भेद संपला. केमिस्ट्री माझी तूर झाली, रोज अर्धा तास, खंड नाही. बाकीचे विषय सोयाबीनसारखे पाळीपाळीने. सगळ्यांना सगळ्या भाज्या मिळायला लागल्या. सरांनी रबरी शिक्क्यावरचा 'समाप्त' ब्लेडने खरवडून काढला. तेव्हापासून ते वहीवर नुसता 'विषय' असा शिक्का मारायचे, ज्याला काहीच अर्थ नव्हता, पण ठप्प आवाज छान यायचा. उन्हाळ्यात मी राहिलेल्या केमिस्ट्रीचा पेपर पुन्हा दिला आणि गावाकडे जाऊन निकालाची वाट बघत बसले.

जूनमध्ये मीच दम न निघून लातूरला आले. कॉलेज उघडायचं होतं. सुरेखाही आली होती. घरात धोंड्याचे आठवडे चालू होते. कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून टांगलेलं, आणि सरांनी स्वतःचा फोन बंद करून ज्वारीच्या डब्यात पुरलेला. आम्हाला पाटावर बसवून काकूंनी अनारसे दिले, त्याच दुपारी माझ्या मोबाइलवर निकाल आला.

मी तीनदा पाहिला. मग सुरेखाला दाखवला. तिने जिन्यावरून 'अय्यो' अशी आरोळी ठोकली. काकूंना सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. बाबांना फोन केला. ते पेरणीवर होते, नुसतं "हाव, हाव" म्हणत राहिले आणि फोन ठेवायचा विसरले, त्यामुळे मला बराच वेळ त्यांचं बैलांशी बोलणं ऐकू येत होतं.

मी धावत ओट्यावर गेले. "सर, माझा..."

सरांनी दोन्ही कानांत बोटं घातली. "धोंडा चालू आहे!"

"पण सर..."

"नऊ दिवस आहेत अजून! पाणी आलं का बघ."

मी काकूंकडे गेले. "मोडा म्हणावं की नियम एवढ्यापुरता."

"मी म्हणलं की," काकू म्हणाल्या. "तर म्हणत्यात, पोरीनं माझा नेम पाळला आन् नापास झाली. आता मी कोणत्या तोंडानं मोडू?"

ते नऊ दिवस त्या घरातल्या प्रत्येकाने फार कष्टाने काढले. सरांचं जेवण निम्म्यावर आलं. ते आमचे चेहरे वाचायचा प्रयत्न करायचे, आणि सुरेखा मुद्दाम रडका चेहरा करून जिन्यात बसायची. एकदा जेवताना म्हणाले, "भाजीत मीठ जास्त झालंय आज. मीठ आनंदात जास्त पडतं की दुःखात?" काकू म्हणाल्या, "वयात." एकदा मला एकटीला गाठून म्हणाले, "तुझ्या बाबांची पेरणी झाली का?"

"झाली, सर."

"तूर?" त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःचेच कान गच्च दाबले. "नको! सांगू नको! ते मी शेतीचं विचारलं."

शेवटी सोमवार उजाडला. सरांनी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला, कॅलेंडर सुलटं केलं आणि रुळावर एक ठोका दिला. इतका जोरात की आमच्या गल्लीतल्या तर बायका आल्याच, पलीकडच्या गल्लीतल्याही घागरी घेऊन आल्या. त्यांनी नळाला हात लावला. "न्हाई की ओ पाणी! सर, कधी सुधरणार तुमी?" सरांचं लक्षच नव्हतं. ते टेबलापाशी बसले, वही उघडली, हिरव्या पेनाचं टोपण काढलं.

"हं. बोल."

"पास, सर."

पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. "किती?"

"वीस."

"पन्नासात?"

"हो."

"पास कितीला असतं?"

"वीसला, सर."

सरांनी वहीत लिहिलं, खाली रेघ मारली, शिक्का उचलून ठप्पकन मारला. "एक मार्कसुद्धा वाया घालवला नाहीस," ते म्हणाले.

मग चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि "तोंड धुऊन येतो" असं म्हणत अंगणातल्या नळाकडे गेले. नळाला पाणी नाही हे आख्ख्या गल्लीने आत्ताच ओरडून सांगितलं होतं. तरी सर तिथे पाठमोरे उभे राहून बराच वेळ तोंड धूत होते. काकूंनी टॉवेल नेऊन दिला, आणि सरांनी तोंड पुसलं.